निरवशेष

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. नाणी आकाराने लहान, बोटाच्या पेरावर मावतील एवढी. संख्या मात्र सव्वातेरा हजारांच्या घरात. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास करून वृत्तान्त रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. तेव्हापासून सातवाहनांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला या साठ्यापाशी थांबावे लागले आहे. दोन राजघराण्यांचा झगडा या नाण्यांच्या अंगावरच उमटलेला आहे, आणि तो वाचायला भिंग व थोडा धीर यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

नाणी मूळची नहपान या शक क्षत्रपाची. गुजरात, कोकण आणि नाशिक-जुन्नरकडील मुलूख त्याच्या अमलाखाली होता. नाण्याच्या दर्शनी बाजूस राजमुख आहे आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत. पण त्या अक्षरांनी लिहिलेले शब्द ग्रीक नाहीत. हे नाणे क्षहरात कुळातील राजा नहपानाचे, एवढाच प्राकृत मजकूर ग्रीक लिपीत उतरवलेला आहे. मागच्या बाजूस बाण आणि वज्र असून तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठी या लिपींत पुन्हा दिला आहे. एवढ्याशा चकतीवर तीन लिपी आणि एकच सांगणे. समुद्रावरून येणारा, वायव्येकडून उतरलेला आणि घाटमाथ्यावर राहणारा, अशा कोणालाही मालक कोण याविषयी शंका उरू नये, अशी ही तजवीज दिसते.

पुढे शंका उरली नाही, पण ती वेगळ्या अर्थाने. साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला आहे. एका बाजूस तीन कमानींचा चैत्य, त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. दुसऱ्या बाजूस क्रुसाच्या चार टोकांना चार वर्तुळे जोडलेले, उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखले जाणारे लांछन. नहपानाचा पराभव केल्यावर सातवाहन राजाने त्याची नाणी वितळवली नाहीत. ती जशीच्या तशी ऐरणीवर ठेवली आणि त्यांवर आपला ठसा उमटवला. घाव कधी मधोमध बसला, कधी कडेला सरकला. त्यामुळे कित्येक नाण्यांवर चैत्याच्या कमानीआडून नहपानाचे नाक डोकावते. कुठे केसांची एखादी बट, कुठे ग्रीक अक्षरांची अर्धी ओळ शिल्लक राहते. जेत्याच्या मुद्रेखाली जित अजून श्वास घेत असावा, असा भास व्हावा.

नाणी का वितळवली नाहीत, याचे व्यावहारिक उत्तर सोपे आहे. चांदी आटवायला कोळसा लागतो, मुशी लागतात, काही धातू वाया जातो आणि वेळ तर जातोच. नवा ठसा मारायला घण आणि मनगट पुरेसे असते. परंतु राजकारणाच्या दृष्टीनेही हा मार्ग सोयीचा होता. आटवलेली चांदी कोणाकडून घेतली हे ती सांगत नाही. ती नव्या राजाची होते आणि मुकी होते. ठसा मारलेले नाणे मात्र हातोहात फिरताना सांगत राहते की येथे आधी कोणीतरी होता आणि आता तो नाही. विजय दिसायचा तर पराभूतही थोडासा दिसावा लागतो.

नेमकी हीच गोष्ट राजाच्या प्रशस्तिकाराला मान्य नव्हती. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समूहातील तिसऱ्या लेण्यात एक दीर्घ प्राकृत लेख आहे. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने आपला नातू पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तो कोरवून घेतला. मुलगा तेव्हा हयात नव्हता. एका वृद्ध मातेने गेलेल्या मुलाच्या पराक्रमाची केलेली ही गणना आहे. त्यातील अभिमान राजवंशाचा आहे तसाच आईचाही आहे. शक, यवन आणि पहलव यांचे निर्दालन करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा अशी विशेषणे तिथे एकामागून एक येतात. त्यांतच एक विशेषण येते: क्षहरात वंशाला निरवशेष करणारा. काहीच मागे न उरेल असा नाश, हा त्या शब्दाचा अर्थ.

हा शब्द खडकात कोरला जात असताना, थोड्याच अंतरावर त्याच डोंगरातील दहावे लेणे नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे दानलेख अंगावर वागवीत उभे होते. ते आजही उभे आहे. त्यांतील एका लेखात चांदीच्या पैशांचा काटेकोर हिशेब आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले. वर्षाचे दोनशे चाळीस कार्षापण होतात. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत, अशी तजवीज होती. उरलेल्या हजारांवर पाऊण टक्का. पस्तीस कार्षापण म्हणजे एक सुवर्ण, हा दरही त्याच लेखात सापडतो. मुद्दल कधी परत मागायचे नाही, व्याज कधी थांबवायचे नाही.

अशा व्यवस्थेत नवा राजा शिरतो तेव्हा त्याच्यापुढे एक अडचण असते. शत्रूला नाहीसे करता येते, पण त्याने दिलेली वचने नाहीशी केली तर विणकर, भिक्षू आणि व्यापारी यांचा आधार सुटतो. गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या राज्यवर्षी दिलेला आदेश तिसऱ्या लेण्यात आहे. पूर्वी उषवदाताच्या उपभोगात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत तो भिक्षूंना देतो. शेताची जुनी ओळख तो लपवत नाही; कोणाचे होते ते सांगूनच तो ते आपल्या नावाने देतो. जमिनीवरही त्याने जणू ठसाच मारला. इतकेच काय, तिसऱ्या लेण्याची रचना पाहिली तर ती दहाव्या लेण्याचीच री ओढते: तोच विस्तीर्ण विहार, मागील भिंतीवर तसाच कोरलेला स्तूप, खांबांची तीच घडण, आणि सारे थोडे अधिक थाटाचे. ज्याचा मागमूस उरला नाही असे म्हणायचे, त्याच्याच घराच्या नमुन्यावर शेजारी घर बांधायचे, असा हा प्रकार आहे.

राजाचे मुख नाण्यावर घालण्याची कल्पना या भूमीत जुनी नव्हती. आपल्याकडील आहत नाण्यांवर सूर्य, वृक्ष, डोंगर, प्राणी अशी चिन्हे असत. राजाचे नाव नसे, चेहरा तर नसेच. चेहरा आला तो वायव्येकडील यवन राजांच्या नाण्यांवरून, आणि पुढे समुद्रमार्गे आलेल्या रोमन चांदीने ती सवय अधिक पक्की केली असावी. मौजेची गोष्ट ही की खुद्द रोममध्येही जिवंत माणसाचे मुख नाण्यावर घालणे हे नवे आणि संशयास्पद कृत्य होते. प्रजासत्ताकाच्या काळात देनारिअस या चांदीच्या नाण्यावर देवता असत, पूर्वज असत, विजयाची चिन्हे असत. इसवी सनापूर्वी ९० च्या सुमारास इटलीतील बंडखोर जमातींनी रोमविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्यांनीही आपली नाणी पाडली. त्यांवर इटलीचा बैल रोमच्या लांडगीला शिंगांनी लोळवताना दाखवला आहे. पण नाण्याचा भार आणि घाट रोमन देनारिअसचाच ठेवला. रोमला नाकारायचे तेही रोमच्या मापाने.

इसवी सनापूर्वी ४४ मध्ये ज्युलियस सीझरने आपल्या हयातीत रोममधील नाण्यांवर आपले मुख येऊ दिले. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा वध झाला. तो राजा होऊ पाहत होता, हा मारेकऱ्यांचा आरोप होता. मारेकऱ्यांतील अग्रणी ब्रूटस याने दोन वर्षांनी सैन्याच्या पगारासाठी चांदीची नाणी पाडली. त्यांच्या मागील बाजूस दोन खंजीर, त्यांमध्ये दास्यमुक्त गुलामाची टोपी आणि वधाची तिथी आहे. स्वातंत्र्याची याहून उघड घोषणा चांदीवर क्वचितच झाली असेल. त्या नाण्याच्या दर्शनी बाजूस मात्र स्वतः ब्रूटसचे मुख आहे. सीझर मेला, सीझरची रीत त्याच्या मारेकऱ्याने उचलली.

पुढे ऑगस्टसने या रीतीचे शास्त्र केले. इजिप्त जिंकल्याचे सांगायला इसवी सनापूर्वी २८ च्या सुमारास नाण्यावर एक मगर पुरेशी झाली. पार्थियनांनी हिरावून नेलेली रोमन ध्वजचिन्हे वाटाघाटींनी परत मिळाली, तेव्हा नाण्यावर गुडघे टेकून ध्वज परत करणारा पार्थियन आला. वाटाघाट चांदीवर येईपर्यंत तिचा विजय झाला होता. त्यानंतर त्याने आपले दत्तक पुत्र गायस व ल्यूशियस यांना ढाली-भाल्यांसह नाण्यावर उभे केले. साम्राज्याचे वारस कोण, याविषयीची ती जाहीर नोंद होती. ल्यूशियस इसवी सन २ मध्ये वारला आणि गायस इसवी सन ४ मध्ये. नाणी मात्र चालत राहिली.

ती चालत चालत दक्षिण भारतात आली. कोइमतूरच्या परिसरात व तमिळ प्रदेशात इतरत्र रोमन चांदीचे जे साठे मिळाले, त्यांत दोन प्रकार सर्वाधिक आढळतात. एक या दोन दिवंगत राजपुत्रांचा, आणि दुसरा सम्राट टायबेरियसचा, ज्याच्या पाठीवर राजदंड व फांदी धरून बसलेली स्त्री आहे. ज्या नाण्यावरील मुखाकडे बोट दाखवून येशूने कराचा पेच सोडवला, ते नाणे परंपरेने याच प्रकारचे मानले जाते. चेन्नईत एग्मोर येथील शासकीय संग्रहालयात तमिळ प्रदेशातील साठ्यांतून आलेली रोमन नाणी जपून ठेवलेली आहेत. एका साम्राज्याने वारसाहक्काचा जो प्रश्न इतक्या आटापिट्याने चांदीवर मांडला, तो मिरी व रत्ने विकणाऱ्या व्यापाऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत कधीच निकालात निघाला होता. व्यापाऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. तो पाहत होता भार, कस आणि नाद.

हे त्याचे पाहणे किती चोख होते, याची साक्ष साठेच देतात. इसवी सन ६४ मध्ये नीरोने देनारिअसचा भार घटवला आणि चांदीचा कसही उतरवला. भारतातील साठ्यांत प्रामुख्याने त्याआधीची नाणी आढळतात. सम्राटाचा चेहरा बदलला म्हणून नाणे नाकारले गेले नाही. चांदी बदलली तेव्हा ते मागे पडले. पुदुक्कोट्टई संस्थानात १८९८ साली रोमन सोन्याची ५०१ नाणी मिळाली. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या मुखावरून छिन्नीचा आडवा घाव घातलेला आहे. धातू पारखण्यासाठी घाव घातले असे कोणी मानतात, नाणे चलनातून बाद करण्यासाठी घातले असे कोणी. कारण कोणतेही असो, साम्राज्याच्या सर्वोच्च मुखावर छिन्नी ठेवताना येथल्या हाताला संकोच वाटलेला दिसत नाही. तेलंगणातील कोंडापूर आणि मराठवाड्यातील तेर या सातवाहनकालीन नगरांत तर रोमन नाण्यांच्या नकला मातीच्या केल्या गेल्या, गळ्यात बांधण्यासाठी. टायबेरियसचा दरारा तेथे ताइतापुरता उरला.

पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या सागरप्रवासाच्या वृत्तान्तात भृगुकच्छ म्हणजे भरूच बंदराचे वर्णन आहे. रोमन सोन्याचांदीची नाणी तेथे आणली तर स्थानिक चलनाशी अदलाबदल करताना नफा होतो, असे तो सांगतो. आणि अपोलोडोटस व मिनँडर या कधीच्या काळी होऊन गेलेल्या यवन राजांची नाणी तेथे अजून चालतात, असेही नोंदवतो. बंदराच्या मुलखाच्या राजाचे जे नाव तो देतो, ते नहपानाचेच असावे असे अनेक अभ्यासक मानतात. याच धाग्यावर एक तर्क उभा आहे. महाराष्ट्र-गुजरातेत रोमन देनारिअस विरळाच सापडतात, आणि नहपानाची चांदी मात्र विपुल आहे. भरूचला उतरलेले देनारिअस क्षत्रपाच्या मुशीत गेले असावेत आणि त्यांतूनच त्याची नाणी पडली असावीत.

हा तर्क खरा असेल तर एक विलक्षण हिशेब समोर येतो. ऑगस्टसचे वारस, टायबेरियसचे मुख, त्या बैठ्या स्त्रीचा राजदंड यांतले काहीच जोगलटेंभीच्या चांदीत उरलेले नाही. कोणी युद्ध पुकारले नाही, कोणी प्रशस्ती कोरली नाही, आणि रोमची सारी चिन्हे खऱ्या अर्थाने निरवशेष झाली. नहपानाशी मात्र वैर होते. म्हणून त्याचे नाव आणि नाक दोन्ही राहिले. व्यवहाराने जे सहज पुसले, ते वैराने जपून ठेवले.

वैराने आणखीही काही जपले. गौतमीपुत्रानंतरच्या सातवाहन राजांनी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी, यज्ञ सातकर्णी इत्यादींनी, चांदीची स्वतःची नाणी पाडली. त्यांच्या दर्शनी बाजूस राजाचे मुख आहे. ज्या घराण्याची नाणी आजवर हत्ती, चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह यांवर समाधानी होती, त्याने शत्रूची मुखमुद्रा स्वीकारली. बदल केला तो लेखात: एका बाजूस प्राकृत, दुसऱ्या बाजूस द्राविड वळणाची भाषा, दोन्ही ब्राह्मीत. ग्रीक अक्षरे गेली. तेथे दक्षिणेची बोली आली. ब्रूटसने जे सीझरचे घेतले, तेच सातवाहनांनी नहपानाचे घेतले. माणूस हरतो, त्याने पाडलेला पायंडा जेत्याच्या घरी राहायला येतो.

मराठी मुलखाने हा अनुभव पुढेही घेतला. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यावर शिवरायांच्या नाण्यांवर देवनागरीत राजाचे नाव आले. चेहरा नाही, फारसी नाही. शिवराईवरील ती अक्षरे म्हणजे एक संपूर्ण राजकीय भूमिका होती. अठराव्या शतकात मराठी सत्ता दिल्लीपर्यंत पोहोचली, तरी पेशवाईतील अंकुशी रुपयावर मजकूर फारसीच राहिला आणि नाव मोगल बादशहाचे. पेशव्यांची खूण एवढीच, की त्या अक्षरांच्या गर्दीत एक लहानसा अंकुश. हत्ती दुसऱ्याच्या नावाचा, अंकुश आपल्या हातात. ईस्ट इंडिया कंपनीनेही तेच केले. शाह आलम १८०६ मध्ये वारला, पण कंपनीच्या रुपयांवर त्याचे नाव चालत राहिले. १८३५ मध्ये चौथ्या विल्यमचे मुख आल्यावर ते गेले. जुन्या नावावर लोकांचा विश्वास असतो, आणि चांदीला विश्वासावाचून किंमत नसते, हे प्रत्येक टांकसाळीला कळत होते.

१९५० मध्ये भारतीय गणराज्याची पहिली नाणी निघाली तेव्हा राजाचे मुख उतरले आणि अशोकस्तंभावरील सिंह आले. कोणा एकाचा चेहरा न निवडता दोन हजार वर्षांपूर्वीचे शिल्प निवडले गेले, हा निर्णय सातवाहनांच्या चैत्याशी नाते सांगणारा आहे. त्यापूर्वीच, १९४० मध्ये, रुपयातील चांदी निम्म्यावर आली होती आणि १९४७ च्या रुपयात ती उरलीच नव्हती. साहजिकच जुने राणीछाप रुपये लोकांनी बाजूला काढून ठेवले, जसे कधी काळी कोइमतूरकडील कोणी नीरोच्या आधीचे देनारिअस ठेवले असतील.

जोगलटेंभीचा साठा कोणी पुरला हे नाण्यांवर लिहिलेले नाही. त्याच्याजवळ नव्या ठशाची नऊ हजारांहून अधिक नाणी होती, तशी बिनठशाची चार हजारांच्या आसपास होती, आणि ती सारी एकत्र होती. त्याने राजनिष्ठेप्रमाणे त्यांची वाटणी केली नाही. त्याच्या लेखी चैत्याखालची आणि नाकाखालची चांदी एकच होती. महाराष्ट्रातील अनेक घरांत अजून दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपये पेटीतून निघतात, चिंचेने घासले जातात आणि पाटावर मांडले जातात. ज्या सम्राज्ञीच्या नावाने हा देश पारतंत्र्यात राहिला, तिच्या गालावर घरातील बाई हळदकुंकवाचे बोट टेकते. मुकुट दिसतो, इंग्रजी अक्षरे दिसतात. त्यांवर तो ओला तांबडा ठिपका बसतो, आणि त्या रात्रीपुरती ती चांदी कोणाचीही नसते, लक्ष्मीची असते.